डिझेल ट्रकमधील इंधनपुरवठ्याचा प्रश्न : यंत्रशोध आणि दोषनिदान यांचा एक इतिहास

१. विषयप्रवेश

डिझेल इंजिनाचा इतिहास बहुधा रूडोल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या चरित्राच्या अंगाने सांगितला जातो. १८९२ चा एकस्वाचा अर्ज, १८९७ ची यशस्वी चाचणी आणि २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचकडे निघालेल्या आगबोटीवरून त्याचे नाहीसे होणे, या तीन घटनांभोवती ही कथा गुंफलेली असते. चरित्र म्हणून ती रोचक आहे; परंतु यंत्राचा इतिहास म्हणून तिच्यात एक मोठी उणीव राहते. १८९७ मध्ये सिद्ध झालेले इंजिन मालमोटारीवर चढावयास १९२३-२४ साल उजाडावे लागले, आणि ते मोठ्या प्रमाणावर प्रचारात येण्यास १९२७ नंतरचा काळ लागला. मधल्या तीस वर्षांत उष्णतागतिकीचे नियम बदलले नव्हते. अडले होते ते वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या एका गोष्टीपाशी : थेंबाहूनही लहान असे इंधनाचे माप ठरल्या क्षणी, ठरल्या प्रमाणात आणि सिलिंडरातील प्रचंड दाबाविरुद्ध आत पोचवावे कसे?

या प्रश्नाची दुसरी बाजू इतिहासलेखनात जवळजवळ येतच नाही. जुन्या ट्रकचे इंजिन घाटात ओढेनासे होते, सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडते किंवा एका सिलिंडरापुरते चुकू लागते, तेव्हा रस्त्याकाठचा मिस्त्री ठरावीक क्रमाने तपास करतो. हा क्रम केवळ सवयीचा नव्हे. त्याच्या प्रत्येक पायरीमागे इंधनपुरवठ्याच्या इतिहासातील एकेक निर्णय उभा आहे. १९२७ च्या सुमारास निघालेल्या तोडग्याने यंत्रातील सारी सूक्ष्मता एका बंद पेटीत एकवटली आणि त्यामुळे दुरुस्तीचे ज्ञानही दुभंगले. पेटीच्या आतले ज्ञान थोड्यांकडे गेले, तर बाहेरून आतले ओळखण्याचे ज्ञान पुष्कळांच्या वाट्यास आले. या दुसऱ्या ज्ञानाची उत्पत्ती, त्याची तर्कपद्धती आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. सिद्धांताची सिद्धी आणि व्यवहारातील अडसर

डिझेलच्या मूळ कल्पनेत ठिणगीला स्थान नव्हते. केवळ हवा सिलिंडरात घेऊन ती इतकी दाबावयाची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे, हे तिचे सूत्र. पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन बाहेरच मिसळून आत येतात, म्हणून तेथे इंधनाचा प्रवेश ही सौम्य क्रिया असते. डिझेलच्या इंजिनात मात्र दट्ट्या वर येऊन हवा अगदी दाबली गेल्यावरच इंधन आत जावे लागते. शिवाय ते एकदम न जाता क्रमाक्रमाने जावे, ही अट त्याच्या मूळ योजनेतच अंतर्भूत होती. याचा अर्थ असा की, इंधनपुरवठा हा या यंत्रात दुय्यम तपशील नसून त्याच्या सिद्धांताचाच भाग होता.

ऑग्सबुर्ग येथील यंत्रकारखान्यात १८९३ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या यंत्रावर प्रयोग झाला. इंधन पेटले, परंतु दाब मोजण्याचे उपकरण फुटले. यंत्र स्वबळावर चालू शकले नाही. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते सुमारे मिनिटभर आपल्या बळावर फिरले. त्यानंतर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी घेतलेल्या चाचणीत सुमारे १८ अश्वशक्तीच्या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळची चांगली वाफेची यंत्रेही या आकड्याच्या बरीच मागे होती.

हे यश ज्या योजनेमुळे मिळाले तिच्यातच पुढचा अडसर दडलेला होता. द्रव इंधन केवळ पंपाने रेटून त्याचा बारीक फवारा करणे डिझेलला साधले नाही. त्यासाठी लागणारी अचूक झडप व पंप घडविणे तत्कालीन कारखान्यांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून त्याने इंधन दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर सिलिंडरात फुंकण्याची योजना स्वीकारली. सिलिंडरातील दाबापेक्षा या झोताचा दाब पुष्कळ अधिक, म्हणजे साधारण ६० ते ७० वातावरण इतका, असावा लागे. तो निर्माण करण्यास वेगळा वायुदाबक, त्याचे शीतन आणि हवेच्या टाक्या हे सर्व आले. इंजिनाच्या शक्तीचा एक भाग या दाबकावरच खर्ची पडे.

वीजगृहात किंवा जहाजावर हा बोजा सोसण्याजोगा होता. १९१२ मध्ये कोपनहेगनहून निघालेल्या ‘सेलांडिया’ या जहाजाने डिझेल इंजिनांच्या बळावर महासागर ओलांडता येतो हे दाखवून दिले. परंतु ट्रकची गोष्ट वेगळी. तेथे वजनाचा प्रत्येक किलो मालाच्या जागी येतो. इंजिनाची गती व त्याच्यावरील भार क्षणोक्षणी बदलतो. आणि धूळ, धक्के व अनियमित देखभाल ही नित्याचीच असते. १९१३ मध्ये डिझेलचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचे इंजिन समुद्रावर पोचले होते. रस्त्यावर मात्र आले नव्हते.

३. हवेच्या झोतावाचून फवारा

या अडसरातून निघालेली वाट एका माणसाच्या नावावर घालता येत नाही. इंग्लंडात हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० मध्येच, डिझेलच्या एकस्वापूर्वी, तप्त गोलकात इंधन पंपाने सोडणाऱ्या इंजिनाचे हक्क मिळविले होते. त्यात संपीडन कमी असल्याने इंधन पेटण्यासाठी गोलक बाहेरून तापवावा लागे. तथापि हवेच्या झोतावाचून इंधन आत सोडता येते, हे त्यातून स्पष्ट झाले. १९१० मध्ये व्हिकर्स कारखान्यातील जेम्स मॅकेकनी याने उच्च दाबाच्या पंपाने थेट फवारा करण्याची पद्धत पेटंट केली, आणि ब्रिटिश पाणबुड्यांच्या इंजिनांत तिचा उपयोग झाला.

वाहनाच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते मानहाइम येथील बेन्झ कारखान्यातील प्रोस्पर लोरांज याचे कार्य. १९०९ मध्ये त्याने पूर्वज्वलनकक्षाची कल्पना मांडली. मुख्य सिलिंडराला अरुंद वाटेने जोडलेल्या एका लहान कक्षात इंधन सोडावयाचे. तेथे अर्धवट पेटलेला वायू स्वतःच्याच दाबाने मुख्य सिलिंडरात उसळतो व उरलेल्या इंधनाचे बारीक कण करून टाकतो. या युक्तीचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. फवारा अतिशय सूक्ष्म करणारा पंप घडवता येत नव्हता, म्हणून सूक्ष्मतेचे काम अंशतः ज्वलनावरच सोपविण्यात आले. पुढे १९१९ मध्ये सुईच्या झडपेचे नोझल आणि १९२१ मध्ये माप बदलता येणारा पंप, अशी दोन पूरक साधनेही लोरांजने सिद्ध केली. १९२३ मध्ये बेन्झने पाच टनी ट्रकवर डिझेल इंजिन बसविले. पुढच्याच वर्षी मान या कारखान्याने पूर्वकक्षावाचून, सिलिंडरात थेट फवारा करणारा ट्रक तयार केला.

मात्र या काळात प्रत्येक कारखाना आपापला पंप आपणच घडवीत होता. इंजिन ओतणाऱ्या व चक्रे कापणाऱ्या कारखान्याची अचूकता पंपाला पुरत नव्हती. एखादे इंजिन उत्तम चालावे आणि त्याच नमुन्याचे दुसरे धुराचे लोट सोडीत राहावे, असे घडणे या परिस्थितीत अटळ होते.

४. थेंबाचे गणित आणि बॉशचा पंप

या अचूकतेची कल्पना थोड्या गणिताने येईल. सहा सिलिंडरांचे, मिनिटाला २८०० फेरे घेणारे व ९० अश्वशक्तीचे एक इंजिन घ्यावे. दर अश्वशक्तीमागे तासाला २०० ग्रॅम इंधन लागते असे धरल्यास तासाचा खर्च १८ किलोग्रॅम होतो. चौघाती इंजिनात प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांमागे एक फवारा होतो. म्हणजे तासाला एकूण ५,०४,००० फवारे झाले. एका फवाऱ्याच्या वाट्यास सुमारे ३६ मिलिग्रॅम, म्हणजे ४३ घनमिलिमीटरच्या आसपास इंधन येते. औषधाच्या नळीतून पडणारा पाण्याचा थेंबही याहून किंचित मोठा असतो. इंजिन नुसते चालू ठेवावयाचे असेल, तर हे माप याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. फवाऱ्याचा काळ चक्राच्या २५ अंशांइतका मानला, तर तो सेकंदाचा सुमारे ६७० वा भाग ठरतो. सहाही सिलिंडरांना हे माप सारखेच मिळाले पाहिजे. अन्यथा एक सिलिंडर ओढतो व दुसरा त्याच्या जिवावर फिरतो.

हे काम इंजिनाच्या कारखान्याचे नसून सूक्ष्म यंत्रकामाचे आहे, हे श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने ओळखले. १८८६ मध्ये छोट्या कार्यशाळेपासून आरंभ केलेला हा उद्योजक मोटारीच्या ठिणगी-चुंबकामुळे प्रसिद्धीस आला होता. डिझेल इंजिनास ठिणगीच लागत नसल्याने त्याचा प्रसार हे बॉशच्या मूळ धंद्यावरील संकटही होते. १९२२ च्या अखेरीस त्याने इंधन-अंतःक्षेपणाच्या साधनांचे काम हाती घेतले आणि १९२७ च्या अखेरीस पंपाचे मालिका-उत्पादन सुरू झाले.

ज्याला सामान्यतः ‘लाइन पंप’ म्हणतात त्या या पंपात प्रत्येक सिलिंडरामागे एक दट्ट्या व एक नळी अशी जोडी असते. गॅरेजच्या भाषेत हिलाच ‘एलिमेंट’ म्हणतात. दट्ट्याची धाव कधीच बदलत नाही. त्याच्या अंगावर एक तिरकी कड कोरलेली असते. दट्ट्या स्वतःभोवती थोडा फिरविला की ही कड नळीतील छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि इंधन सुटणे तेवढे अलीकडे अथवा पलीकडे थांबते. सर्व दट्ट्यांना एकदम फिरविणारी दातेरी पट्टी ड्रायव्हरच्या पायाखालील पॅडलाशी व गव्हर्नरशी जोडलेली असते. दट्ट्या व नळी यांच्यामध्ये कोणतेही रबर किंवा कडे नसते. त्यांच्यातील फट काही मायक्रॉनांची, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाच्या आसपास असते, आणि तीतून झिरपणारे डिझेलच त्यांना वंगण पुरविते. दट्ट्या आणि नळी एकमेकांवर घासूनच जुळविलेल्या असल्यामुळे एकीचा दट्ट्या दुसरीत चालत नाही. झिजली तर जोडीच बदलावी लागते.

या एका वैशिष्ट्यात पुढील सामाजिक परिणामाचे बीज आहे. ज्या मिस्त्रीस दट्ट्याचे कडे बदलता येते, बेअरिंग घासून बसविता येते, त्याला पंपाच्या आत कानशीही लावता येत नाही. पंप उघडावयाचा तो धुळीपासून अलग ठेवलेल्या खोलीत. जुळवावयाचा तो परीक्षण-बाकावर, प्रत्येक नळीतून ठरावीक फवाऱ्यांत पडणारे इंधन काचेच्या नळ्यांत मोजून. काम झाल्यावर कमाल मापाच्या स्क्रूला सील लावले जाते. ते सील म्हणजे दोन प्रकारच्या कारागिरांमधील सीमारेषाच होय.

५. भारतातील आगमन

दुसऱ्या महायुद्धानंतर भारतातील रस्त्यांवर पेट्रोलचे ट्रक अधिक होते; लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांचाही त्यांत भरणा होता. हे चित्र पन्नासच्या दशकात पालटले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेन्झशी करार करून त्याच वर्षी जमशेदपूर येथे डिझेल ट्रक बाहेर काढला. हे सहकार्य १९६९ पर्यंत टिकले. १९४८ मध्ये मद्रासेत सुरू झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. या ट्रकांना जो पंप हवा होता त्याची सोय स्वतंत्रपणे होत होती. १९५१ मध्ये बंगळूर येथे बॉशच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली. ‘मायको’ या तिच्या संक्षिप्त नावानेच ती सर्वत्र ओळखली गेली. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. नाशिक येथेही या कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि नोझलांचे उत्पादन हे त्याचे मुख्य काम झाले. अशा रीतीने ट्रक एका शहरात, पंप दुसऱ्या शहरात आणि नोझल तिसऱ्या शहरात घडू लागले. जर्मनीत १९२७ मध्ये पडलेली श्रमविभागणीच येथे नकाशावर उमटली.

महाराष्ट्रापुरते पाहता डिझेलशी लोकांचा परिचय केवळ ट्रकमुळे झाला नाही. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि विहिरीवरील इंजिन हे बागायती गावांतील ओळखीचे यंत्र बनले. इंजिन सुरू करण्यापूर्वी पाइपातील हवा काढून टाकावी लागते, हे ज्ञान अनेक शेतकऱ्यांना व त्यांच्या मुलांना तेथेच मिळाले. परंतु शेतावरील इंजिन आणि ट्रक यांच्यात एक महत्त्वाचा भेद होता. शेतावरील लहान इंजिनाची टाकी पंपाच्या वर असते व इंधन आपल्या वजनाने खाली येते. सांधा सैल असेल तर तेथून डिझेल गळते आणि दोष डोळ्यांना दिसतो. ट्रकची टाकी चॅसीच्या बाजूस, पंपाच्या खालच्या पातळीवर टांगलेली असते. फीडपंप तीतून इंधन ओढून घेतो. ओढीच्या या वाटेवरील सांधा सैल झाला, तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. दोष असतो, पण गळती नसते. विहिरीवर मिळालेले ज्ञान ट्रकच्या बाबतीत सुधारून घ्यावे लागले ते येथे.

६. दोषनिदानाची रीत

पंप उघडावयाचा नाही, परंतु तो दोषी आहे की नाही हे ठरवावयाचे, अशी मिस्त्रीपुढील समस्या असते. तिच्यावरील उत्तर म्हणजे टाकीपासून नोझलपर्यंत इंधनाच्या वाटेने चालत जाणे, आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारणे : येथपर्यंत निर्मळ, हवाविरहित व पुरेसे इंधन येते काय?

पहिला टप्पा टाकीचा. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र चिखलाने बुजले, तर इंधन ओढले जाईल तसतशी आत पोकळी निर्माण होते. इंजिन काही वेळ उत्तम चालते, मग दम तोडते, आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते. झाकण उघडताच हवा सूं करून आत शिरली, तर निदान तेथेच संपते. या दोषाचे लक्षण वेळेशी बांधलेले आहे, ही गोष्ट महत्त्वाची. याउलट फिल्टर तुंबला असेल तर लक्षण भाराशी बांधलेले असते. गाडी उभी असताना इंजिन सुरळीत चालते, सपाट रस्त्यावरही तक्रार नसते. परंतु खंबाटकी किंवा कसारा यांसारख्या घाटात इंधनाची मागणी वाढली की गाडी ओढत नाही.

दुसरा टप्पा हवेचा. डिझेल दाबाखाली फारसे आकसत नाही. हवा मात्र आकसते. एक वातावरणाच्या दाबाखालील बुडबुड्याचा दाब शंभर वातावरणांवर न्यावयाचा, तर तो जवळजवळ शंभरपट लहान झाला पाहिजे. त्यामुळे एका फवाऱ्याच्या मापाइतका बुडबुडा एलिमेंटमध्ये शिरला की दट्ट्याची धाव त्याला आकसविण्यातच खर्ची पडते. नोझलची सुई उचलण्याइतका दाब निर्माणच होत नाही. फिल्टरवरील व पंपावरील हवेचे स्क्रू क्रमाने सैल करून फीडपंपाच्या हातदांड्याने इंधन रेटावयाचे, आणि फेस जाऊन सलग धार येईपर्यंत थांबावयाचे, हा त्यावरील उपाय. परंतु चांगला मिस्त्री येथे थांबत नाही. हवा काढल्यावर ती पुन्हा आली, तर ती कोठून आली हा प्रश्न उरतोच. हवा काढणे हा उपचार आहे. ओढीच्या वाटेवरील फुटका पाइप किंवा चेपलेले वॉशर शोधणे हे निदान आहे.

तिसरा टप्पा उच्च दाबाच्या बाजूचा. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून एकेका सिलिंडराच्या पाइपाचे नट सैल करावयाचे. ज्याचा नट सैल करताच इंजिनाचा आवाज बदलतो तो सिलिंडर काम करीत होता; ज्याने काहीच फरक पडत नाही तो आधीपासूनच चुकत होता. येथेही सावधगिरी लागते, कारण नोझलमधून सुटणारा उच्च दाबाचा फवारा कातडीत शिरून हाताला गंभीर इजा करू शकतो. दोषी सिलिंडर सापडल्यावर दोष नोझलचा की एलिमेंटचा, हे ठरविण्यासाठी त्याचे नोझल शेजारच्या चांगल्या सिलिंडरात बसवून पाहतात. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल वाईट. जागच्या जागी राहिला तर शंका पंपावर येते आणि कॉम्प्रेशनही तपासावे लागते.

भारतीय न्यायशास्त्रात कार्यकारणभाव ठरविण्यासाठी जो अन्वय-व्यतिरेकाचा मार्ग सांगितला आहे, त्याचेच हे उपयोजन होय. कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, या दोन्ही बाजू नोझलांच्या एका अदलाबदलीत तपासल्या जातात. मिस्त्रीच्या ठायी ही परिभाषा नसली, तरी रीत तीच आहे. म्हणून या ज्ञानास ‘अंदाज’ किंवा ‘हातगुण’ म्हणून बाजूस सारणे योग्य ठरत नाही.

अर्थात या रीतीला मर्यादाही आहेत. धूर हे त्याचे ठळक उदाहरण. काळा धूर म्हणजे जळण्यास पुरेशी हवा न मिळालेले इंधन. पण त्याचे कारण ठिबकणारे नोझल असू शकते, तसेच तुंबलेला हवेचा फिल्टरही. पांढऱ्या धुरात न जळलेल्या इंधनाचे कण असतात. त्यामागे फवाऱ्याची वेळ चुकणे असेल किंवा झिजलेल्या इंजिनातील अपुरे संपीडन. इंधनाच्या वाटेने चालण्याची रीत इंधनाच्या वाटेवरच बरोबर उत्तर देते. दोष अन्यत्र असेल तर ती निर्दोष पंपावर ठपका ठेवू शकते. दुसरी मर्यादा आर्थिक आहे. ठरल्याहून अधिक माल लादलेली गाडी ओढावी म्हणून पंपाचे सील तोडून कमाल मापाचा स्क्रू फिरविणे, ही गोष्ट मालवाहतुकीच्या धंद्यात अपरिचित नाही. त्याने काही काळ शक्ती वाढते. परंतु धूर, इंधनाचा अपव्यय आणि तापून जाणारे दट्टे ही किंमत मालकास पुढे मोजावी लागते. सीमारेषा ओलांडली जाते ती अशा वेळी अज्ञानाने नव्हे, तर भाड्याच्या हिशेबाने.

७. इंधनात झालेला बदल

वरील सर्व विवेचनात इंधन हे स्थिर गृहीत धरले आहे. इतिहासात ते स्थिर राहिले नाही. डिझेलमध्येच दट्ट्याचे वंगण शोधणाऱ्या रचनेचे एक अलिखित गृहीत होते : इंधनात काही प्रमाणात स्निग्धता असणारच. प्रदूषण आटोक्यात आणण्यासाठी गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रिया सुरू झाल्या, तेव्हा त्याच प्रक्रियांत स्निग्धता देणारे घटकही निघून गेले. स्वीडनमध्ये १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अत्यल्प गंधकाचे डिझेल आले आणि पंपांच्या अकाली झिजेच्या तक्रारी उद्भवल्या. तेव्हापासून अशा डिझेलमध्ये स्निग्धतावर्धक द्रव्य मिसळणे आवश्यक ठरले. ज्या पंपाच्या कॅमशाफ्टला इंजिनातील ऑइलचे वंगण मिळते तो जुना लाइन पंप या संकटातून तुलनेने सुखरूप राहिला. सर्वस्वी डिझेलच्याच वंगणावर चालणाऱ्या रोटरी पंपांना त्याची झळ अधिक लागली.

भारतात याच परिणामाचे दुसरे कारण बाजारात होते. सार्वजनिक वितरणातील रॉकेल डिझेलहून पुष्कळ स्वस्त असल्याने त्याची भेसळ होत राहिली. रॉकेलास निळा रंग देण्याचा उपाय त्यासाठीच योजला गेला होता. रॉकेल डिझेलहून पातळ व कमी स्निग्ध असते. त्यावर इंजिन चालते, परंतु एलिमेंट व नोझल लवकर झिजतात. एकाच शहरातील अनेक गाड्यांचे पंप थोड्या काळात परीक्षण-बाकावर यावेत, तर त्याचे कारण यंत्रात नसून किमतीतील तफावतीत असू शकते. दुरुस्तीच्या नोंदी हे अर्थव्यवहाराचेही साधन ठरू शकते, ते या अर्थाने.

८. उपसंहार

इंधनपुरवठ्याच्या इतिहासातील पुढचा टप्पा कॉमन रेल पद्धतीचा. १९९५ मध्ये जपानमध्ये ट्रकसाठी व १९९७ मध्ये युरोपात मोटारगाड्यांसाठी ती प्रचारात आली. तीत माप ठरविण्याचे काम तिरक्या कडेकडून काढून विद्युत्-नियंत्रणाकडे देण्यात आले. भारतात १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके देशभर लागू झाली. दुसऱ्या मानकानुसार डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत दहा भागांवर आणण्यात आले. या मर्यादा पाळणाऱ्या ट्रकांत जुन्या यांत्रिक पंपास स्थान उरले नाही. अशा इंजिनातील नळीत दीड हजार वातावरणांहूनही अधिक दाब असू शकतो. चालू इंजिनाच्या पाइपाचा नट सैल करण्याची जुनी परीक्षा तेथे सर्वथा वर्ज्य आहे. निदान आता यंत्रास जोडलेल्या पडद्यावर अंकांच्या रूपाने उमटते. १९२७ मध्ये पंपावर आलेले सील या अर्थाने संपूर्ण पुरवठायंत्रणेवर पसरले आहे.

यावरून जुनी पद्धत श्रेष्ठ होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. जुन्या ट्रकचा धूर शहरांनी सोसला आहे आणि नव्या पद्धतीने इंधनाचा अपव्ययही घटविला आहे. निष्कर्ष निघतो तो इतिहासलेखनाविषयी. डिझेल, लोरांज व बॉश यांची कामगिरी एकस्वांत, चाचणी-अहवालांत आणि कारखान्यांच्या दप्तरांत सुरक्षित आहे. त्यांच्या यंत्राला अर्धशतकाहून अधिक काळ भारतीय रस्त्यांवर चालते ठेवणाऱ्या ज्ञानाची दप्तरे मात्र जवळजवळ नाहीत. गॅरेजांच्या नोंदवह्या, परीक्षण-बाकांवरील मापांची पत्रके, तेलकट बोटांचे डाग पडलेल्या दुरुस्तीपुस्तिका आणि वृद्ध मिस्त्रींच्या स्मृती, एवढीच त्याची साधने आहेत. आणि जुने ट्रक मोडीत निघतील तसतशी तीही नाहीशी होत आहेत. यंत्राचा शोध लागल्याने त्याचा इतिहास पुरा होत नाही. ते यंत्र घाटात बंद पडल्यावर कोणी, कोणत्या तर्काने आणि किती साधनांनिशी पुन्हा सुरू केले, हेही त्या इतिहासाचेच प्रकरण आहे. ते लिहावयाचे तर साधनांचा संग्रह आताच केला पाहिजे.